अक्काने मायला सांगितलेले

आमच्या घरात पुस्तक नव्हते, पत्रके होती. माझे वडील, त्यांना सारे नाना म्हणत, नरडाण्याच्या बाजाराहून येताना तेल-मीठ आणत आणि सभेहून येताना पत्रक आणत. नानांनी ते मोठ्याने वाचून दाखवले की माय कणकेची खळ करून ते धान्याच्या खोलीतल्या भिंतीला चिकटवी. कागद लावला की भिंतीची माती झडत नाही, एवढाच तिचा त्यातला रस. मी अक्षरे शिकलो ती या भिंतीवर. वरच्या ओळी वाचायला ज्वारीच्या कणगीवर चढावे लागे. त्यामुळे मला आधी भेटली ती हुकूम करणारी मराठी. उठा, जाळा, टाकून द्या, जाब विचारा, भिऊ नका. त्या भिंतीवर कुठेही 'बघू' नव्हते, 'पुढेमागे' नव्हते, 'तसं नाही हो' नव्हते. घरात आम्ही खानदेशी बोलत असू आणि तिच्यात हे सगळे होते. लहानपणीच मी मनाशी ठरवून टाकले की खरे बोलणे ते भिंतीवरचे; चुलीपाशी चालते ती नुसती बडबड.

पुढे धुळ्याला आलो. पांझरेपलीकडे देवपुरात खोली घेतली आणि गावातल्या एका छापखान्यात खिळे जुळवायला लागलो. दिवसा लोकांच्या लग्नपत्रिका जुळवायच्या, उरल्या वेळात स्वतःची पत्रके लिहायची. एका सभेत स्वदेशीवर तावातावाने बोलणाऱ्या वक्त्याला मी उभा राहून विचारले, "आपल्या कोटाची बटणे कुठली?" लोक हसले, टाळ्या पडल्या, आणि मागून कोणीतरी पाठीत गुद्दा घातला. मला त्या गुद्द्याचाही अभिमान वाटला. सरळ बोलायला फक्त छाती लागते, अशी माझी समजूत त्या दिवशी पक्की झाली.

तशी आमच्याकडे आडपडद्याची रीत नाही. पहिल्याच भेटीत माणूस विचारतो, पगार किती, जमीन किती, अजून मूलबाळ का नाही. "काय रे, वाळून कोळसा झालास!" हे आमचे स्वागत असते. पण लेकीच्या सासरची गोष्ट निघाली की याच लोकांची जीभ जड होते. "कशी आहे पोर?" "बरी शे." एवढ्यावर विषय संपतो आणि पावसापाण्याचे सुरू होते.

माझी थोरली बहीण, तिला मी अक्का म्हणतो, तापीपलीकडे पूर्व खानदेशात चोपड्याच्या बाजूला दिली आहे. तिच्या सासऱ्याला गाव आबा म्हणते. कपाशीची चांगली जमीन, घरापुढे दगडी ओटा, आणि बोलणे असे की ऐकणाऱ्याने उठूच नये. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्याकडे सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधतात, गाणी म्हणतात. मुलीला न्यायला भाऊ जातो, त्याला मुऱ्हाळी म्हणतात. अलीकडे लागोपाठ दोन आखाज्यांना मी मुऱ्हाळी होऊन गेलो आणि रिकाम्या हाताने परतलो. आबांनी कधी नाही म्हटले नाही. "तुमचीच लेक शे, भाऊ. आत्ता न्या. पण सासूचे गुडघे पाहा." दुसऱ्या वर्षी, "पोराला गोवर निघून गेलाय, जरा अंगावर मांस येऊ द्या." अक्का पदर कपाळाखाली ओढून पाण्याचा तांब्या घेऊन आली. मी विचारले, "कशी आहेस?" ती म्हणाली, "बठ्ठं बरं शे." सगळे ठीक आहे. मी तेच वाक्य मायपाशी पोचवले. मायने विचारले, "तांब्या कोणत्या हातात होता?" मला आठवेना. असल्या प्रश्नांचा मला तेव्हा राग येई. बाई स्वतःच्या तोंडाने सांगते आहे ना बरे आहे म्हणून!

कपाशीच्या वेचणीच्या दिवसांत माय आजारी पडली. ताप उतरेना. तिने अक्काचे नाव घेतले तेव्हा नानांनी तापीपलीकडे जाणाऱ्या एका गाडीवानाबरोबर सांगावा धाडला. आठवड्याने दुसरा धाडला. गाडीवान परत येऊन म्हणाला, आबांना स्वतः सांगितले, त्यांनी गूळ-पाणी दिले. अक्का आली नाही. माय दाराकडे तोंड करून पडून राही. ती दुपारी गेली. मी धुळ्याहून पोचलो तोवर तिला तुळशीपाशी आणून ठेवले होते.

तिसऱ्या दिवशी अक्का आली. आमच्याकडे दुखवट्याला येणाऱ्या बायका गाडी वेशीबाहेर सोडतात आणि तिथपासून हेल काढून रडत दारापर्यंत येतात. घरच्या बायका सामोऱ्या जातात, गळ्यात गळे पडतात, आणि मग सगळ्याजणी गोल बसून रडतात. हे रडणे मुके नसते. गेलेल्या माणसाला हाक मारून, सुरावर, शब्दांत ते रडायचे. अक्काबरोबर तिची सासू होती आणि दोन जावा होत्या. मूल बरोबर आणले नव्हते. मी पडवीत खांबाला टेकून बसलो होतो. मधे एक कुडाची भिंत, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू येत होता.

आधी सगळ्यांसारखेच चालले होते. माय, तुझी चूल, तुझी गाय, तुझा रिकामा पाट. मग अक्काचा सूर बदलला असे नाही, सूर तोच होता, शब्द बदलले. "तुन्हा सांगावा उना वं माय, मन्हापावत नही उना." तुझा निरोप आला, माय, माझ्यापर्यंत आला नाही. ओट्यावर आला, ओट्यावरच बसला. मी वावरात कापूस वेचत होते, माझ्या ओटीत पांढरा कापूस आणि तुझ्या अंगावर शेवटचे हिरवे. तुझ्याकडे यायला मी निघाले होते वं माय, मागच्या आखाजीला, पायीच निघाले होते, तापीपर्यंत आले. नाववाल्याने मला ओळखले. त्याने मला झाडाखाली बसवले, पाणी दिले, आणि गावात निरोप धाडला. तुझ्या लेकीला गाडीत घालून परत नेले वं माय.

आणि मग, त्याच हेलात, "तवयपाईन मन्हा दारले बाहेरथीन कडी शे वं माय." तेव्हापासून माझ्या दाराला बाहेरून कडी आहे. दिवस मावळला की ती पडते. आणि माझ्या पोराला त्यांनी ठेवून घेतलंय, मी परत जावं म्हणून.

मी ताडकन उठलो. आत सासू बसलेली होती! तिच्या समोर, हातभर अंतरावर, अक्का हे बोलत होती, आणि सासू तोंडावर पदर घेऊन तिच्याबरोबर हेल काढत होती. जावाही रडत होत्या. कोणी थांबले नाही, कोणी मान वर केली नाही. थोड्या वेळाने नानांची बहीण, आमची फुई, उठली आणि म्हणाली, "बस वं बाया, चूळ भरा आते." सगळ्यांनी तोंडे धुतली, कडुलिंबाचे पान दाताखाली धरले. सासूने स्वतःच्या पदराने अक्काचे डोळे पुसले. दहा मिनिटांनी त्या चौघीजणी ज्वारी निवडत होत्या आणि यंदा पिकावर भुरी पडली का, यावर बोलत होत्या.

मी फुईला गोठ्यात गाठले.

"फुई, तू ऐकलंस?"

"कान शेत ना मला."

"मग तू काही बोलली का नाहीस? सासू समोर होती. तिथेच विचारायचं!"

"रडनं व्हतं ते, भाऊ. रडामा बाई काय बी बोलस. ते कोनी बाहेर काढस का?"

"म्हणजे ते खोटं?"

फुईने हातातली पेंढी गाईपुढे टाकली. "खोटं कशाला राहील? रडताना खोटं बोलली तर मेलेलं माणूस छातीवर बसतं." मग ती जरा जवळ आली. "अरे, ती सासूला ऐकू जावं म्हणूनच बोलली. सासू जावांबरोबर म्हाताऱ्याला सांगून पाठवेल, तुझ्या सुनेनं सगळ्या सोयऱ्यांच्या बायकांत असं असं सांगितलं. उद्या त्या बायका आपापल्या गावी जातील. म्हाताऱ्याला बाजारात तोंड दाखवायचं आहे का नाही? आता तो आपण होऊन कडी काढेल. आणि काढताना त्याला कोणी काढ म्हटलं नाही, असं त्याला वाटू दे. माझ्या सासरी नाही का… माझा सासरा मेला तेव्हा मी त्याच्याच मढ्यापुढे सांगितलं, मामंजी, तुमच्या राज्यात मला तूप माहीत नाही. महिनाभरात जेवण सुधारलं."

"आणि हे तुला बरं वाटतं? बाईनं कोणी मरायची वाट बघायची, एक खरं वाक्य बोलायला?"

"बरं कोन म्हनस?" फुई म्हणाली. "एवढंच शे आमनापान, म्हनून तेच वापरतस." आमच्यापाशी एवढेच आहे, म्हणून तेच वापरतो. मग तिने मला शेणाची पाटी उचलून द्यायला सांगितली.

मला ते पटले नाही, पटणे शक्य नव्हते. हे मला भिंतीमागून हाक मारण्यासारखे वाटले. दार ठोठावता येते तेव्हा माणूस भिंतीशी का बोलेल? पुढचे दिवस मी घरात डोके धरून बसलो. अक्काशी एकटे बोलायला मिळेना. कुठेतरी सासू असायचीच, हात धुवायलाही दोघी मिळून जात. एकदा ती पाणी ओतत असताना मी हळूच म्हटले, "अक्का, मी सगळं ऐकलं." ती घागर ओतत राहिली. म्हणाली, "तू पडवीत का बसलास? पुरुषांनी ओट्यावर बसावं."

दहाव्याचे झाले, मग गंधमुक्तीचा दिवस आला. त्या दिवशी दुखवटा उतरतो. सोयरे येतात, घरच्या पुरुषांच्या डोक्यावर नवी टोपी घालतात, आणि पुरुष मंडळी अंगणात बसून चार शब्द बोलतात. आबा आले, बरोबर अक्काचा नवरा, गावची दोन वडीलधारी माणसे. आबांनी नानांना पागोटे आणले होते आणि माझ्यासाठी खादीची टोपी. मी खादी घालतो हे लक्षात ठेवून त्यांनी ती मुद्दाम मिळवली होती. माझ्या नुकत्याच भादरलेल्या डोक्यावर त्यांनी ती दोन्ही हातांनी नीट बसवली, कपाळावर बोट फिरवले आणि म्हणाले, "छापखाना, आता नानांना सांभाळा." मंडळी मंद हसली. मला त्यांचा स्पर्श इतका आपलेपणाचा वाटला की अंगावर काटा आला.

मग ते बसले, अडकित्त्याने सुपारी कातरली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलू लागले. "विहीणबाई गेल्या. लेकीला माय भेटली नाही, याचं दुःख आम्हालाही शे. कापसाची गडबड व्हती, निरोपाकडे ध्यान ऱ्हायलं नाही, ते आमचंच चुकलं. आता नाना एकटे. पोर इथे राहू द्या. आखाजीपावत राहू द्या. पोराला मी चार दिवसांत धाडून देतो."

अंगणात सुस्कारा सुटल्यासारखे झाले. नानांचा हात पागोट्याकडे गेला. कुडाआड बांगड्या वाजल्या. बायका ऐकत होत्या. फुईने सांगितले तसे सगळे होत होते, आणि तिने सांगितले त्याहून जास्त मिळत होते. आखाजीपर्यंत म्हणजे पाच महिने. मूल सुद्धा.

मी उभा राहिलो. घरात आम्ही खानदेशी बोलतो, पण मी उभा राहिलो की माझ्या तोंडून सभेची मराठी येते, आणि ती आली. मी म्हणालो, "आबा, निरोपाकडे आपले ध्यान राहिले नाही हे असत्य आहे. निरोप आपण दाबून ठेवलात. आणि माझ्या बहिणीच्या खोलीला बाहेरून कडी का घालता, याचे उत्तर आधी या मंडळींपुढे द्या. तिला काही काळ माहेरी ठेवण्याची कृपा आम्हाला नको. ती कैदी नाही."

एक शब्दही खोटा नव्हता. आजही मी तो मागे घेत नाही. पण तो शब्द पडताच अंगणातल्या माणसांची तोंडे कशी बदलली ते मी पाहिले. आबांना आता हलायला जागा उरली नव्हती. कडी काढणे म्हणजे कडी होती हे कबूल करणे.

आबांनी सुपारी तशीच तळहातावर धरली. "कोणी सांगितलं?"

"तिनेच सांगितले. सगळ्या बायकांनी ऐकले आहे."

"कोणाकोणाला ऐकू आलं?" आबांनी कुडाकडे तोंड करून विचारले. बांगड्या वाजल्या नाहीत. फुई, जिने मला गोठ्यात एवढे सांगितले होते, तीही गप्प. मला त्या क्षणी ती भेकड वाटली.

"मग तिलाच विचारू," आबा म्हणाले. "नाना, तुमची परवानगी शे ना?" नानांनी मान हलवली, पण हो का नाही ते कळले नाही.

अक्का उंबऱ्याशी येऊन उभी राहिली. पदर इतका खाली ओढलेला की हनुवटी तेवढी दिसत होती. तिचा नवरा जमिनीकडे बघत काडीने माती उकरत होता. आबा अगदी मऊ आवाजात म्हणाले, "पोरी, तुझा भाऊ म्हणतो, तू म्हणालीस की आम्ही तुला कोंडतो. म्हणालीस का? हो म्हण नाहीतर नाही म्हण. घाबरू नको."

'हो' म्हटले असते तर सासऱ्याला चारचौघांत खोटे पाडून तिला त्या घरात पुन्हा पाय ठेवता आला नसता, आणि मूल त्या घरात होते. 'नाही' म्हटले असते तर कडी नाही, असे तिने स्वतःच्या तोंडाने सांगितले असे झाले असते. मग आयुष्यभर कोणालाही काही सांगायची सोय नव्हती. हे मला तिथे उभे असताना दिसले, आधी नाही. मी मात्र तिच्याकडे अशा नजरेने बघत होतो की बोल, अक्का, बोल, मी आहे ना!

ती म्हणाली, "मी भाऊले नही सांगं. मी मायले सांगं."

कोणालाच काही कळले नाही असे एक क्षण वाटले. मग आबांनी विचारले, "काय सांगितलं मायला?"

"ते मायले इचारा," अक्का म्हणाली आणि आत गेली.

मी भावाला सांगितले नाही, मायला सांगितले. काय ते मायला विचारा. तिने मला खोटे पाडले नाही, सासऱ्यालाही नाही, आणि स्वतःचे सांगितलेले परतही घेतले नाही. एवढ्या माणसांत तिला पाय ठेवायला वीतभर जागा होती, तिथे ती उभी राहिली. पण त्या वीतभर जागेतून बाहेर पडायला वाट नव्हती. आबा उठले, धोतर झटकले. "विहीणबाईंना विचारायला मला अजून थोडी वर्षं आहेत," ते म्हणाले, आणि मंडळींपैकी एकजण नकळत हसला. "नाना, तुमचं घर आता तापलेलं शे. पोरीला इथे ठेवून तिच्या डोक्याला ताप कशाला? गाड्या जुंपा."

नाना त्यांच्या मागे दोन पावले गेले, "आबा, पोरगं आहे, पत्रकं वाचून वाचून…" असे काहीतरी पुटपुटले. आबांनी त्यांचा हात हातात घेतला. "तसं नाही हो नाना. तुमच्यावर राग नाही. रागाचं काय त्यात?" शेवटपर्यंत गोड.

अक्का गाठोडे बांधत होती. मी खोलीत गेलो. सासू दारातच होती, पण आता मला कशाची पर्वा नव्हती.

"अक्का, जाऊ नको. तू नाही म्हण, मी बघतो."

"काय बघशी? पोर तठे शे."

"मी खरं तेच बोललो ना?"

"तू खरं बोलना," ती म्हणाली. तिने गाठोड्याची गाठ दाताने ओढली. "पन ते मन्हं व्हतं. तुले कोनी दिधं?" ते माझे होते, तुला कोणी दिले?

पत्रकांत नेहमी 'आपण' असते. आपण उठू या, आपण जाब विचारू. कोणाचे सोसणे आणि कोणाचे बोलणे, हा हिशेब तिथे कोणी करत नाही. मला वाटले होते, खरे हे वाऱ्यासारखे असते, ज्याच्या तोंडात शिरेल त्याचे.

गाडी निघाली तशी मी तिच्या मागे चालू लागलो. कोणी ये म्हटले नाही, जा म्हटले नाही. तापीच्या काठावर माणसे नावेत बसली. गाड्या आणि बैल उताराच्या जागेवरून नेत होते, त्यात आबा आणि अक्काचा नवरा गुंतले. सासू आधी नावेत चढली. अक्का मागे वळली आणि आयुष्यात पहिल्यांदा तिने मला काही करायला सांगितले. पदर न सारता, घाईघाईने.

"तुले बोलनंच शे ना? मग मन्हा नावखाल नको बोलू. तुन्हा नावखाल बोल." तुझ्या नावाने बोल. "दर महिन्याला आमच्या गावी बाजार भरतो. त्या दिवशी ये. ओट्यावर बस. मोठ्यानं म्हण, मला माझी बहीण बघायची आहे. बाकी एक अक्षर बोलू नको. मी बाहेर येईपर्यंत उठू नको."

नाववाल्याने हाक मारली. ती नावेत चढली. मी त्या माणसाकडे निरखून पाहिले. साधा, वाकलेला माणूस होता. त्याने माझ्याकडून तंबाखूची चिमूट मागितली.

तेव्हापासून मी जातो. छापखान्याचे मालक सुटी देताना कुरकुरतात. एका महिन्यात तापीला पूर होता, एकदा मी एका पत्रकापायी हवालातीत होतो. एरवी चुकलो नाही. बाजारचा दिवस तिने का निवडला ते पहिल्याच खेपेला कळले. ओट्यापुढून सगळे गाव जाते. मी बसतो आणि म्हणतो, "मला माझी बहीण बघायची आहे." सभेच्या मराठीत नाही, घरी बोलतो तसे. येणारेजाणारे बघतात. कोणी म्हणतो, "आला हो मुऱ्हाळी, बिनआखाजीचा!" एक म्हातारी रोज आल्यासारखी थांबते आणि विचारते, "दिसली का रे?" आबा हसून स्वागत करतात. "या छापखाना. काय बातमी? इंग्रज गेला का?" चहा येतो, पान येते, गप्पा होतात. ती कामात आहे, ती वावरात आहे, ती आंघोळीला गेली आहे. मी म्हणतो, "बसतो." आणि बसतो.

हे किती अवघड आहे ते मला आधी माहीत नव्हते. बटणांबद्दल विचारायला एक क्षण पुरतो. एकच वाक्य घेऊन दिवसभर उन्हात बसायचे, त्यात भर घालायची नाही, समोरचा गोड बोलत असताना गोड बोलायचे नाही आणि कडूही बोलायचे नाही. कधीकधी तोंडात पूर्ण भाषण जुळून येते आणि मी ते पानाबरोबर गिळतो. धुळ्याचे मित्र विचारतात, "काय मिळवलंस?" मी सांगतो, ती बाहेर येते. येते खरी, दिवस कलताना, मुलाला कडेवर घेऊन. गाव तिला पाहते. हातपाय धड आहेत, अंगावर लुगडे आहे, ती आहे. तिला पाहिल्यावाचून महिना जात नाही, हे त्या घराला माहीत झाले आहे. एवढेच. रात्री कडी पडते की नाही, मी विचारत नाही. ते विचारायचा हक्क मला कोणी दिलेला नाही.

गेल्या बाजाराला मात्र मी एक वाक्य वाढवले. ते माझेच होते, म्हणून वाढवले. नाना खाटेला लागले आहेत, आणि बाजाराच्या तीन दिवस आधी त्यांनी मला विचारले होते, "येईल का ती?" मला 'बघू' म्हणता आले नाही. ओट्यावर बसून मी म्हणालो, "आबा, माझे वडील मरायला टेकलेत. मला माझी बहीण न्यायची आहे. पाठवता का?"

आबांच्या हातात अडकित्ता होता. त्यांनी सवयीने सुरुवात केली, "तसं पाहिलं तर…" आणि ते थांबले. रस्त्यावर ती म्हातारी उभी होती, दोन गाडीवान उभे होते. आबा थकलेले दिसले. इतकी वर्षे गोड बोलून बोलून माणूस थकत असेल का, असा विचार माझ्या मनात आला. त्यांनी माझ्याकडे सरळ पाहिले, मला वाटते पहिल्यांदाच.

"नही," ते म्हणाले. "नही धाडनी."

ना गुडघे, ना गोवर, ना कापूस. घरात सुपाचा आवाज येत होता, तो थांबला. म्हणजे तिनेही ऐकले. आबांनी ते म्हटले आणि स्वतःच दचकल्यासारखे झाले. अडकित्ता मिटून त्यांनी बाजूला ठेवला. रस्त्यावरचे कोणी हलले नाही. गाडीवानांपैकी एकाने चिलीम तोंडातून काढली आणि हातातच ठेवली.

मी म्हणालो, "बरं. का नाही, तेही सांगा."

त्यांनी अडकित्ता पुन्हा हातात घेतला, पण उघडला नाही. सूप पुन्हा वाजू लागले नाही. तापीवरची शेवटची नाव सुटायला आली होती, आणि नाना तिकडे दाराकडे तोंड करून पडले असतील, हे मला माहीत होते. मी पाय ओट्यावर घेतले, मांडी घातली आणि बसून राहिलो.